मुक्ताचा प्रश्न आणि लेबर रूममधली मावशी

(सावित्रीबाई फुले जयंतीनिमित्त दिल्लीत विद्यार्थ्यांसमोर केलेल्या भाषणाचा मजकूर)



मला इथे माझ्या पीएच.डी.च्या विषयावर बोलायला सांगितलं होतं. खरं सांगते, गेले पाच महिने मी त्या कागदांना हात लावलेला नाही. माझी मुलगी पाच महिन्यांची आहे आणि आत्ता मागच्या रांगेत मैत्रिणीच्या मांडीवर आहे. ती रडली तर मी थांबेन, तुम्हीही जरा थांबा. आज मी बाळंतपणावर बोलणार आहे. काहींना हा बायकांचा घरगुती विषय वाटेल. पण आपल्या चळवळीच्या लिखित इतिहासात तो फार आधी आलेला आहे.

१८५५ साली ‘ज्ञानोदय’मध्ये मुक्ता साळवेचा निबंध छापून आला. फुल्यांच्या शाळेत शिकणारी, जेमतेम चौदा वर्षांची मातंग मुलगी. तिने धर्मग्रंथांबद्दल विचारलेला सवाल आपण सगळे भाषणांत वापरतो. पण त्याच निबंधात आणखी एक जागा आहे, जी आपण वाचतो आणि पुढे जातो. मांग-महारांच्या बायका बाळंत होतात तेव्हा त्यांच्या डोक्यावर धड छप्पर नसतं, थंडी-वारा-पावसात त्यांचे काय हाल होत असतील, असं ती लिहिते. आणि त्यात आजार जडला तर वैद्याला, औषधाला पैसा आणायचा कुठून, असं विचारते. चौदा वर्षांच्या मुलीने जातीचा हिशेब मांडताना बाळंतिणीचं अंथरूण मोजलं होतं.

माझी आजी सुईण होती. आम्ही मातंग. गावात कुणाच्या घरी कळा सुरू झाल्या की रात्री-अपरात्री आजीला बोलावणं यायचं. पाटलाच्या घरी, कुलकर्ण्याच्या घरीही. एरवी ज्या घराच्या ओट्यावर तिला चढू देत नसत, त्या घराच्या आतल्या खोलीत ती त्या रात्री असायची. मूल तिच्या हातात यायचं. नाळ ती कापायची, वार ती पुरायची, रक्ताची लुगडी ती धुवायची. मग ती बाहेर पडली की घर सारवून घेत, गोमूत्र शिंपडत. बाराव्या दिवशी त्याच मुलाचं बारसं व्हायचं, तेव्हा आजी अंगणाच्या कडेला बसलेली असायची. तिला मिळायचं काय? पायली-दोन पायली ज्वारी आणि एक खण. आजी म्हणायची, “पोराला पहिला हात माझाच लागतो गं, पण मोठं झालं की ते माझी सावली टाळतं.”

हे केवळ आमच्या गावाचं नाही. उत्तर भारतातही नाळ कापण्याचं आणि नंतरची साफसफाई करण्याचं काम अनेक ठिकाणी दलित दाईकडेच होतं. बाळंतपणातलं रक्त म्हणजे विटाळ, आणि विटाळ उचलायचा तर तो ‘खालच्या’ जातीने, हा या देशाचा न लिहिलेला नियम होता.

इथे कुणी म्हणेल, बघा, आपल्या बायकांकडे केवढं ज्ञान होतं, दवाखान्यांनी ते हिरावलं. मी असं म्हणणार नाही. आजीच्या हाताखाली शेकडो मुलं जन्मली, पण तिची स्वतःची मुलगी, माझी थोरली आत्या, घरीच बाळंत होताना रक्तस्राव न थांबल्यामुळे गेली. आजीच्या डोळ्यांसमोर. त्यानंतर आजी प्रत्येक गरोदर बाईला एकच सांगायची: “दवाखान्यात जा.” जिला ते काम सगळ्यात चांगलं येत होतं, तिचाच हा सल्ला होता. म्हणून माझ्यासाठी दवाखाना हा आपला हक्क आहे. यावर वाद नाही.

आणि आपल्या बायका दवाखान्यात गेल्या. २००५ साली जननी सुरक्षा योजना आली, गावोगाव आशाताई आल्या. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणानुसार २००५-०६ मध्ये देशातली जेमतेम ३८.७ टक्के बाळंतपणं आरोग्य संस्थांमध्ये होत होती. २०१९-२१ मध्ये हे प्रमाण ८८.६ टक्क्यांवर गेलं. मुक्ताने विचारलं होतं, छप्पर कुठे आहे, औषध कुठे आहे? उत्तर यायला दीडशेहून अधिक वर्षं लागली, पण बऱ्याच अंशी आलं. आता त्या छपराखाली काय होतं, ते बघू.

मी पहिल्या बाळंतपणाला माहेरी गेले होते. जिल्ह्याच्या ठिकाणच्या सरकारी रुग्णालयात भरती झाले. पहाटे तीनला कळा सुरू झाल्या, संध्याकाळी पाचला मुलगी झाली. चौदा तास. केस पेपर काढताना नाव, वय, गाव विचारलं आणि मग, “एससी का? जेएसवायमध्ये बसतेस.” महाराष्ट्रासारख्या राज्यात या योजनेचे पैसे दारिद्र्यरेषेखालच्या आणि अनुसूचित जाती-जमातींच्या बायकांना मिळतात. ग्रामीण भागात सातशे रुपये, शहरात सहाशे. ते मिळायलाच हवेत, त्याबद्दल माझी तक्रार नाही. पण त्या क्षणापासून वॉर्डात माझं नाव पुसलं गेलं. “ती जेएसवायवाली कुठंय?” अशी हाक यायची. शेजारच्या खाटेवर एका वकिलाची बायको होती, ती ‘ताई’ होती.

माझ्या आईला दाराबाहेर बसवलं. कळ आली की मी ओरडायचे. त्यावर जे ऐकलं ते इथे बसलेल्या अनेकींच्या आयांनी, बहिणींनी ऐकलेलं असेल: “तेव्हा नाही ओरडलीस, आता कशाला ओरडतेस?” मांडीवर चापट बसली. शेवटी एकीने दोन्ही हातांनी वरून पोट दाबलं. जागतिक आरोग्य संघटनेने २०१८ मध्ये दिलेल्या शिफारशींत असं पोट दाबणं करू नये, असं स्पष्ट म्हटलेलं आहे. मी समाजशास्त्रात एम.ए. केलेली बाई. ‘शुद्ध-अशुद्ध’ या विषयावर सेमिनार पेपर वाचलेली. त्या टेबलावर माझ्या तोंडून एक वाक्य फुटलं नाही.

सिस्टरवर सगळा राग काढणंही सोपं आहे. त्या पाळीत दोन सिस्टर होत्या आणि आम्ही सतराजणी. त्यांची दमछाक मी पाहिली. पण दमलेला माणूस कुणावर ओरडतो आणि कुणाला ‘ताई’ म्हणतो, हे दमण्यावरून ठरत नाही.

माझा हात धरला तो मावशीने. दवाखान्यात आयाबाईला सगळे मावशीच म्हणतात. टेबलावरचं रक्त, पाणी, विष्ठा तीच पुसत होती. वार तिनेच पिवळ्या पिशवीत भरली. मुलगी झाल्यावर दबक्या आवाजात तिने विचारलं, “कोणत्या वाड्यातली गं तू?” मी सांगितलं. ती हसली. ती आमच्यातलीच होती. तिची सासूही सुईण होती.

तेव्हा मला लख्ख दिसलं. बाळंतपण घरातून दवाखान्यात आलं, पण विटाळाची वाटणी तशीच आली. डॉक्टरांच्या हातातलं काम विज्ञान झालं, मावशीच्या हातातलं काम विटाळच राहिलं. जात म्हणजे श्रमाची विभागणी नव्हे, श्रमिकांची विभागणी, हे बाबासाहेबांनी १९३६ साली ‘जातिप्रथेचे उच्चाटन’मध्ये मांडलं. मला ते लेबर रूममध्ये कळलं. आजीला निदान नाळ कापण्याचा मान होता. मावशीकडे फक्त पुसणं उरलं.

ती कंत्राटी आहे. तिचं दुसरं बाळंतपण झालं तेव्हा दीड महिन्यात ती याच लेबर रूममध्ये फरशी पुसत होती, कारण जागेवर दुसरी आली असती. आता माझी गोष्ट बघा. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या नियमाने पीएच.डी.च्या काळात मला २४० दिवसांची रजा आहे. कायद्यात २०१७ पासून पहिल्या दोन अपत्यांसाठी २६ आठवडे आहेत. कायद्याने कंत्राटी बाईही त्यात बसते, वर्षभरात ८० दिवस काम केलेलं असलं तर. पण ठेकेदाराकडे हा कायदा मागायचा कुणी?

ही रजा आभाळातून पडलेली नाही. जुलै १९२८ मध्ये मुंबई विधिमंडळात प्रसूती लाभाच्या विधेयकावर बाबासाहेब बोलले. बाळंतपणाच्या आधी आणि नंतर आईला विश्रांती मिळणं हे राष्ट्राच्या हिताचं आहे, आणि म्हणून तो भार बराचसा सरकारने उचलावा, अशी त्यांची मांडणी होती. १९२९ साली मुंबई प्रांतात तो कायदा झाला. या भाषणाच्या दोनच वर्षं आधी, जुलै १९२६ मध्ये, बाबासाहेब आणि रमाईंचा राजरत्न गेला होता. त्यांची चार मुलं लहानपणीच गेली. त्या भाषणामागे हे दुःख होतं की नाही, मी कोण सांगणार? पण ते वाचताना मला रमाई दिसतात.

आपण बसलो आहोत त्या दिल्लीचीही गोष्ट आहे. जानेवारी २०१० मध्ये अनुसूचित जातीची, दारिद्र्यरेषेखालची एक बाई बाळंतपणानंतर मेली. आधीच्या गरोदरपणात पोटात मूल मेलेलं असतानाही तिला कागदपत्रांवरून दवाखान्यांच्या दारात अडवलं गेलं होतं. दुसऱ्या एका गरीब बाईला प्रसूतिगृहाने घेतलं नाही, ती झाडाखाली बाळंत झाली. जून २०१० मध्ये दिल्ली उच्च न्यायालयाने दोन्ही प्रकरणांत निकाल दिला: सुरक्षित बाळंतपण हा संविधानाच्या कलम २१ मधल्या जगण्याच्या हक्काचा भाग आहे.

काहीजण म्हणतील, मग खासगीत जा. कशाला? त्याच सर्वेक्षणात खासगी दवाखान्यांतली ४७.४ टक्के बाळंतपणं सिझेरियनने झालेली दिसतात, सरकारीत १४.३ टक्के. कर्ज काढून पोट कापून घेणं हा सन्मान नाही. सरकारी दवाखाना आपला आहे, तो सोडायचा नाही, सुधारायचा.

माझं मागणं साधं आहे. बाळंतिणीसोबत तिच्या घरातली एक बाई आत असू द्या. केंद्र सरकारने २०१६ मध्येच सरकारी दवाखान्यांना तशी मुभा दिली आहे, ती दारावर मराठीत लिहून लावा. योजनेचा रकाना केस पेपरवर राहू दे, हाक नावाने मारा. शिवी आणि चापट ही उपचाराची पद्धत नाही, तिची तक्रार नोंदवून घ्या. सिस्टरांच्या रिकाम्या जागा भरा. आणि मावशीला कायम करा. तिला रजा, विमा, हातमोजे द्या.

आज सावित्रीबाईंची जयंती. १८६३ साली या दांपत्याने आपल्या घरात बालहत्या प्रतिबंधक गृह काढलं. ज्या ब्राह्मण विधवांना त्यांच्याच घरात जागा नव्हती, त्यांची बाळंतपणं तिथे झाली. त्यांच्यातल्याच एकीचा मुलगा, यशवंत, फुल्यांनी दत्तक घेतला आणि तो डॉक्टर झाला. दवाखाना कसा असावा, याचं माप आपल्याकडे तेव्हापासून आहे.

घरी सोडलं त्या दिवशी माझ्या आईने मावशीला दोनशे रुपये आणि एक खण दिला. मावशीने पैसे परत केले, खण ठेवला. रिक्षात बसल्यावर आई बराच वेळ गप्प होती. मग म्हणाली, “तुझ्या आजीलाही लोक खणच द्यायचे.” मला आईला काही उत्तर देता आलं नाही. म्हणून तुमच्यासमोर बोलले. उद्या तुमच्या घरात कुणी बाळंत होणार असेल तर दवाखान्यात नक्की जा, आणि मावशीला तिचं नाव विचारा. मी चौदा तास तिचा हात धरून होते आणि नाव विचारायचं राहून गेलं.

जय भीम, जय सावित्री, जय मुक्ता.