टॉवर आला, केंद्र आलं नाही

(जळगावातील पिंप्राळा येथील वसंत व्याख्यानमालेत दिलेल्या व्याख्यानातून)



रात्रीचे साडेआठ झाले तरी ओटे अजून तापलेलेच आहेत, त्यामुळे फार ताणत नाही.

अमेरिकेत मोंटाना राज्यात ग्लेंडाइव्ह नावाचं गाव आहे. वस्ती जेमतेम पाच हजारांच्या आसपास. आपल्या पिंप्राळ्यातल्या चार कॉलन्या धरल्या की संपलं. त्या गावात १९५७ पासून स्वतःचं टीव्ही केंद्र आहे. कारण १९५२ साली तिकडच्या सरकारने वाहिन्या वाटल्या त्या गावांच्या नावाने: १,२९१ ठिकाणं आणि २,०५३ वाहिन्या. परवाना ज्या गावाचा, त्या गावाकडे केंद्राने बघायचं. धर्मादाय काही नव्हता हो, जाहिरातींवर चालणारा धंदाच. पण कॅमेरा गावात होता.

आपल्याकडे दिल्लीला १९५९ मध्ये टीव्ही आला, मुंबईला २ ऑक्टोबर १९७२ रोजी. पुण्यासाठी पुढच्या वर्षी सिंहगडावर प्रक्षेपक बसला. आणि खान्देश? खान्देशाने मुंबईला माणूस दिला होता. शिरपूरच्या शिवाजीराव पाटलांची लेक स्मिता मुंबई केंद्रावर मराठी बातम्या वाचायची; जीन्सवरच साडी गुंडाळून कॅमेऱ्यासमोर बसायची, असं सांगतात. सारी मुंबई तिला बघायची आणि शिरपूरच्या घरात मात्र ती दिसायची सोय नव्हती. तीच गत ‘आमची माती, आमची माणसं’ची. शेतकऱ्यांसाठीचा कार्यक्रम दादर-परळच्या चाळीत दिसे आणि केळीच्या बागेत उभा असलेला शेतकरी त्याचं नाव पेपरात वाचे.

१९७६ मध्ये जळगावला आकाशवाणी आली, आणि ती खऱ्या अर्थाने आली. स्टुडिओ आला, माईक आला. अहिराणी गाणं म्हणणारी बाई त्या माईकसमोर जाऊन बसली. टीव्हीचं तसं झालं नाही. १९८४ साली देशभर जवळजवळ रोज एक या वेगाने लहान प्रक्षेपक उभे राहिले आणि त्याच लाटेत आपल्याकडेही टीव्ही पोहोचला. या लहान प्रक्षेपकाची ताकद किती? शंभर वॉट. ओट्यावरच्या जुन्या पिवळ्या बल्बाएवढी! शहरात चित्र स्वच्छ, जरा लांबच्या खेड्यात नुसत्या मुंग्या. मग दोन पाइप जोडून अँटेना उंच करायची. एक जण पत्र्यावर चढून ती फिरवणार, खालून दुसरा ओरडणार, ‘आलं रे भो... गेलं! मागे घे, मागे घे!’

आणि जे यायचं ते दिल्लीचं. टॉवर आपल्या जमिनीवर, वीज आपल्याकडची, पण आपलं एक अक्षर त्यातून बाहेर पडत नव्हतं. ‘रामायण’ आम्हीही हात जोडून पाहिलं, ते नाकारत नाही. पण ज्याला घ्यायचं माहीत आहे आणि द्यायचं माहीत नाही, त्याला मी केंद्र म्हणत नाही.

आपलं केंद्र काढलं ते केबलवाल्यांनी. हसू नका. नव्वदीच्या दशकात मी स्वतः एकाकडे हरकाम्या होतो. गच्चीवरून गच्चीवर वायर टाकायची आणि महिन्याची वसुली करायची. जिन्याखालच्या खोलीत दोन व्हीसीआर, एक मॉड्युलेटर आणि यंत्रं तापू नयेत म्हणून टेबलफॅन. माणसांना पंखा नव्हता. लग्नाच्या शूटिंगचा कॅमेरा रिकामा असला की तो गावातल्या कार्यक्रमाला.

एका आषाढी एकादशीला आम्ही पिंप्राळ्याच्या विठ्ठलाचा रथ घेतला. रथ आपण सगळेच जन्मापासून पाहतो, पण गर्दीतून दिसतो तो कळस, फुलं, वरची माणसं. आमच्या कॅमेरावाल्याला उभं राहायला जागाच मिळेना, म्हणून तो चाकाजवळ खाली बसला. त्यामुळे टीव्हीवर दिसली ती मोगरी. ते लाकूड चाकाखाली सरकवायचं, तेवढ्यावर अख्खा रथ थांबायचा, वळायचा. मोगरीवाल्याचे दोन्ही तळहात, ओला रस्ता आणि अंगावर येणारं चाक. रात्री कॅसेट लावली आणि गल्ली सुन्न. माझ्या आजीला रथापेक्षा स्वतःचीच काळजी: ‘पदर नीट दिसला ना रे?’ तीन दिवस लोक येत होते, ‘पुन्हा लावा’ म्हणून.

पुढे मराठी वाहिन्या आल्या, सेट टॉप बॉक्स आला, खोलीतले व्हीसीआर भंगारात गेले. २०२२ पर्यंत दूरदर्शनचे जुने प्रक्षेपकही देशभर जवळपास सगळे बंद झाले. त्याचं मला फारसं वाईट वाटत नाही.

वाईट वाटतं ते त्या कॅसेटचं. कोरी कॅसेट महाग, म्हणून आम्ही जुनीवरच नवं घ्यायचो. काही वर्षांनी मी ती शोधून काढली. लेबलवर ‘रथ’ खोडून कुणाच्या तरी हळदीचं नाव लिहिलेलं. लावून पाहिली. तीन तास हळद. अगदी शेवटी, हळद संपल्यावर, दोनेक मिनिटं चाक दिसतं. मोगरी नाही, नुसतं चाक.

तेव्हा विनंती एवढीच. त्या काळी घरोघरी व्हीसीआर भाड्याने यायचे, कुणी ना कुणी रथ उतरवून घेतलाच असेल. माळ्यावर बघा. बुरशी असली तरी आणा, मी साफ करतो. माझा व्हीसीआर अजून चालतो. पट्टी तुटलेली असेल तर मात्र चिकटपट्टी लावू नका, तशीच आणा.