कमी धरलेली किंमतही चुकीचीच



हिंगोलीत मूल्यांकनकारांची परिषद भरते आणि पुढच्या रांगा तरुण अभियंत्यांनी भरलेल्या दिसतात, याचा मला मनापासून आनंद आहे.  सकाळपासून चहाच्या टेबलाभोवती एकच प्रश्न कानावर येतोय : बँकेच्या पॅनलवर कसं यायचं?

त्याचं उत्तर अवघड नाही. एक जुनी वाट संपत्ती कराच्या कायद्यातली. कलम ३४ एबीखाली आयकर खात्याकडे नोंदणी करायची. त्यासाठी स्थापत्य, वास्तुरचना किंवा नगररचनेची पदवी आणि दहा वर्षांचा अनुभव लागतो. २०१५ च्या अर्थसंकल्पात संपत्ती कर गेला, तरी ती नोंदणी बँका आजही मागतात. दुसरी वाट २०१७ च्या नियमांची, कंपनी कायद्याच्या कलम २४७ खालची. पदवीनंतर पाच वर्षांचा अनुभव, नोंदणीकृत मूल्यांकनकार संघटनेकडून ५० तासांचा अभ्यासक्रम आणि त्यानंतर संगणकावरची परीक्षा. उत्तीर्ण व्हायला ६० टक्के लागतात आणि चुकलेल्या उत्तराचे गुण कापले जातात, म्हणून अंदाजाने खुणा करणारा तिथे टिकत नाही. या नोंदणीनंतर बँकेकडे पॅनलसाठी वेगळा अर्ज करायचा. प्रत्येक बँकेचे निकष वेगळे, नमुना वेगळा. एवढी तयारी तुम्ही कराल, याबद्दल मला शंका नाही.

मला काळजी आहे ती पॅनलवर नाव लागल्यानंतरची.

गृहकर्जाच्या फाइलीत आपला अहवाल तीन-चार पानांचा असतो, पण कुटुंबाच्या हाती किती पैसे पडणार हे त्या पानांवर ठरतं. रिझर्व्ह बँकेच्या नियमानुसार ३० लाखांपर्यंतच्या कर्जात घराच्या किमतीच्या ९० टक्क्यांपर्यंत रक्कम देता येते. समजा, कळमनुरीत एका शिक्षकाने २२ लाखांचं घर ठरवलं. किंमत रास्त आहे, शेजारचे व्यवहार त्याच भावाचे आहेत. पण आपल्याला वाटलं, कशाला जोखीम, १८ धरू. १९ लाख ८० हजारांच्या जागी त्याला १६ लाख २० हजार मिळतात. मधले ३ लाख ६० हजार तो कुठून आणणार? इसार दिलेला असतो, माघार घेता येत नाही. मग दागिने गहाण पडतात, नाही तर महिना तीन टक्क्यांनी सावकाराचे पैसे उचलले जातात. आपल्या अहवालावर कुणी बोट ठेवत नाही, कारण बँक सुरक्षित राहिलेली असते.

फुगवलेल्या किमतीबद्दल आपल्या व्यवसायात पुष्कळ बोललं जातं आणि ते बरोबरच आहे. कर्ज बुडालं की २००२ च्या सरफेसी कायद्याखाली घर लिलावात निघतं, आपला आकडा उघडा पडतो, आणि फसवणुकीत हात असलेल्या मूल्यांकनकाराचं नाव बँका भारतीय बँक संघाकडे कळवतात. त्या चुकीला शिक्षा आहे. कमी धरलेल्या किमतीला कसलीही शिक्षा नाही, म्हणून ती सवय होऊन बसते. आपल्या जिल्ह्यात नुकसान या दुसऱ्या चुकीने जास्त होतं, असं माझं ठाम मत आहे.

आकडा जास्त धरल्यानेही सामान्य माणूस अडतो, हेही सांगतो. प्रधानमंत्री आवास योजनेच्या शहरी भागाचा दुसरा टप्पा सप्टेंबर २०२४ पासून सुरू आहे. त्यातल्या व्याज अनुदानासाठी घराची किंमत ३५ लाखांच्या आत आणि कर्ज २५ लाखांपर्यंत असावं लागतं. पात्र कुटुंबाला पाच वार्षिक हप्त्यांत मिळून १ लाख ८० हजारांपर्यंत लाभ मिळतो. ३४ लाखांच्या घराला आपण सहज ३६ लिहिलं, तर हा लाभ गेला.

थोडं बाहेर पाहू. अमेरिकेत १९३४ मध्ये फेडरल हाउसिंग अ‍ॅडमिनिस्ट्रेशन स्थापन झालं. सरकार कर्जाचा विमा उतरवणार आणि साध्या नोकरदाराला घर मिळणार, अशी ती मोठी योजना होती. आजही या कर्जांसाठी मूल्यांकन करायचं तर अ‍ॅडमिनिस्ट्रेशनच्या यादीत नाव असावं लागतं, आणि किमतीबरोबर घर राहायला सुरक्षित आहे का हेही पाहून लिहावं लागतं. पण याच संस्थेच्या सुरुवातीच्या नियमपुस्तिकेने मूल्यांकनकारांना शिकवलं की कृष्णवर्णीयांची वस्ती जवळ असेल तर त्या भागाचा दर्जा खाली धरा. घर कितीही पक्कं असो, मोहल्ला पाहून शेरा पडायचा. १९६८ च्या कायद्याने घरांच्या व्यवहारातला भेदभाव बेकायदा ठरवला, तोवर पिढ्यान् पिढ्या कर्जाबाहेर राहिल्या. हातात टेप घेतलेल्या माणसांनीच हे केलं, आणि प्रत्येकाला वाटत होतं की आपण फक्त नियम पाळतोय.

आपल्याकडे तांड्यावरचं घर, दलित वस्तीतलं घर, गावठाणातलं घर आलं की अहवालात ‘विक्रीयोग्यता कमी’ हे दोन शब्द किती सहज पडतात, ते आठवा. कमी असेल तर जरूर लिहा. पण त्या वस्तीत मागच्या तीन वर्षांत कोणते व्यवहार झाले, हे पाहून लिहा. वस्तीचं नाव ऐकून नको.

कागदांचा प्रश्न खरा आहे, तो मी नाकारत नाही. हा मुलूख निजामाच्या राज्यातला. इथे १९५४-५५ च्या खासरा पाहणी पत्रकापर्यंत मागे जावं लागतं. खिदमतमाश इनाम, कुळाची जमीन, भोगवटादार वर्ग २ असे शेरे सातबाऱ्यावर निघतात, आणि तिथे परवानगीशिवाय झालेल्या खरेदीवर घर उभं असेल तर ते स्पष्ट लिहिलंच पाहिजे. गावठाणात बहुतेकांच्या हाती फक्त नमुना ८ चा उतारा असतो. तो कर आकारणीचा कागद आहे, मालकीचा पुरावा नव्हे. पण २४ एप्रिल २०२० ला स्वामित्व योजना सुरू झाली, ड्रोनने गावठाणं मोजली जाऊ लागली आणि मिळकत पत्रिका लोकांच्या हाती पडू लागल्या. १८ जानेवारी २०२५ ला एकाच दिवशी देशभरात ६५ लाखांहून अधिक पत्रिका वाटल्या गेल्या. ज्या गावात पत्रिका आली, तिथल्या घराला जुन्याच सवयीने ‘कागद अपुरे’ म्हणणं आता चालणार नाही. पत्रिकेवरचं क्षेत्र आणि जागेवरचं माप जुळवून पाहा, फरक असेल तो लिहा.

माप जुळवायचं तर जागेवर जावं लागतं. मुलाला पाठवून चार फोटो मागवायचे आणि ऑफिसात बसून अहवाल पुरा करायचा, ही पद्धत मला मान्य नाही. इथली जमीनच ते चालू देत नाही. वसमत भागातल्या काळ्या रानातलं घर घ्या. पावसाळ्यात ही माती फुगते, उन्हाळ्यात आक्रसते आणि भिंतीला खिडकीच्या कोपऱ्यातून तिरकी भेग जाते. ऑगस्टमध्ये पाहणीला गेलात तर अनेकदा ती मिटलेली दिसते, वरून रंगाचा ताजा हात असतो. मे महिन्यात तिथेच नाणं आत जातं. म्हणून भिंतीवर बोट फिरवा, गिलाव्याचा वेगळा पोत हाताला लागतो. घरातल्या बाईला विचारा, उन्हाळ्यात दार नीट लागतं का, कडी बसते का. चौकट तिरकी झाल्याचं तिला सगळ्यांच्या आधी कळलेलं असतं. पाया मुरमापर्यंत नेला का, जोत्याभोवती कोबा आहे का, पन्हाळीचं पाणी पायाशीच मुरतं का, हे गवंड्याला विचारा. गावात तो सापडतोच. या पाच-सहा प्रश्नांनी घराचं उरलेलं आयुष्य जेवढं कळतं, तेवढं घसाऱ्याच्या तक्त्यावरून कळत नाही.

माळवदाच्या जुन्या घरांचंही तसंच. तुळया सागवानी असतील तर त्यांना किंमत आहे, ती धरा. पण मातीत रचलेल्या दगडी भिंतींवर मातीचं जड छत म्हणजे काय, ते ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे किल्लारीच्या भूकंपाने मराठवाड्याला दाखवलं. आपल्या जिल्ह्यात २१ मार्च आणि १० जुलै २०२४ ला ४.५ तीव्रतेचे धक्के बसले. पांगरा शिंदेच्या लोकांना तर जमिनीतले आवाज ओळखीचे झालेत. नव्या बांधकामात जोत्याला आणि लिंटेलला सलग पट्टा आहे का, हे अहवालात आलंच पाहिजे. बँकेच्या नमुन्यात रकाना नसेल तर शेऱ्यात लिहा. मालकालाही सांगा, त्याची लेकरं त्या छताखाली झोपणार आहेत.

छोट्या जिल्ह्याची आणखी एक अडचण. ज्याने नकाशा काढला, अंदाजपत्रक केलं, तोच पुढे मूल्यांकन करतो, कारण माणसंच मोजकी. आपण काढलेल्या नकाशाच्या घराचं मूल्यांकन आपण नाकारायचं. दोन पैसे कमी मिळतील, मिळू द्या.

आणि अफवांपासून जपा. औंढ्याजवळ दुधाळ्याला लायगो-इंडियाची वेधशाळा उभी राहतेय. एप्रिल २०२३ मध्ये केंद्राने तिच्यासाठी २,६०० कोटी मंजूर केले. आपल्या जिल्ह्याच्या दृष्टीने ही फार मोठी गोष्ट आहे. पण आसपासच्या प्लॉटला उद्याचा भाव आज लावणं हे मूल्यांकन नव्हे. झालेला व्यवहार दाखवा, मगच भाव लिहा.

अडचण हीच आहे की झालेले व्यवहार एका ठिकाणी सापडत नाहीत. रेडीरेकनरचा दर मुद्रांकासाठी असतो, खरेदीखतावरचा आकडा बहुधा त्याच्याच आसपास असतो, आणि प्रत्यक्ष भाव गावाला तोंडपाठ असला तरी लिहिलेला नसतो. हिंगोली, वसमत, कळमनुरी, सेनगाव, औंढा, असे पाचच तालुके आहेत आपले. प्रत्येक तालुक्यातल्या मूल्यांकनकारांनी मिळून व्यवहारांची एक नोंदवही ठेवावी, असा माझा प्रस्ताव आहे. तारीख, गट किंवा मिळकत क्रमांक, क्षेत्र, रस्त्याची रुंदी, बांधकामाचं वय, दस्तावरची किंमत आणि चौकशीत कळलेली किंमत, एवढे रकाने पुरेत. खरेदीदाराचं नाव नको. पुढच्या शिक्षकाच्या घराला भाव लावताना कुणालाही ‘कशाला जोखीम’ म्हणून चार लाख कापावे लागणार नाहीत, कारण शेजारचे व्यवहार समोर लिहिलेले असतील. दुपारच्या सत्रात तालुकावार बसून या रकान्यांवर चर्चा करा, आणि वहीची जबाबदारी कोण घेणार ते जेवणाआधी ठरवा.