एका चिमूरचे दोन न्याय

(गांवच्या सभेंत केलेलें भाषण)



आपल्या मुलखांत पलटणींत कोणी गेला नाहीं असें घर शोधावें लागतें. म्हणून आधींच सांगतों, मी शिपायाविरुद्ध बोलावयास उभा नाहीं. बोलावयाचें आहे तें सरकारी न्यायाविषयीं. १९४२ सालची गारगोटीची हकीकत आपणांस ठाऊक आहे; त्याच सालची चांदा जिल्ह्यांतील चिमूरची हकीकत इकडे फारशी कोणी सांगत नाहीं.

१६ ऑगस्ट १९४२, नागपंचमीचा दिवस. तुकडोजी महाराजांच्या भजनांनीं तो मुलूख जागा झाला होता. (शिंप्याच्या घरीं जन्मलेल्या ह्या माणसानें खंजिरीवर जें केलें तें मोठमोठ्या वकिलांना साधलें नाहीं! सरकारनें त्यांनाहि तुरुंगांत टाकलें.) पोलिसांची गोळी चालली, बालाजी रायपूरकर हा कोवळा पोर पडला. मग जमाव चवताळला आणि चार सरकारी माणसें मारलीं गेलीं. तें वाईटच झालें; तींहि कोणाचीं तरी लेंकरें होतीं.

पुढें लष्कर गांवांत आलें. पुरुष धरून नेले, बायका घरीं राहिल्या. शिपायांनीं घरांत शिरून लुटलें आणि आमची अब्रू घेतली, असें त्या बायकांनीं सांगितलें. खेड्यांतली बाई असलें तोंडानें उच्चारते, तेव्हां तिला काय पडलें असेल तें येथें बसलेल्या आयाबहिणींना मी सांगावयास नको. डॉ. मुंजे जाऊन आले, त्यांनींहि ही गोष्ट उजेडांत आणली. मुंजे आपल्या पक्षाचे नव्हेत. पण खरें तें खरें म्हणावें.

आतां न्याय पाहा. चार माणसें मारल्याबद्दल खास न्यायालय बसलें, साक्षी झाल्या, अनेकांना फाशी आणि काळ्या पाण्याच्या शिक्षा झाल्या. बायकांच्या तक्रारीवर मात्र सरकार म्हणालें, चौकशीचें कारण नाहीं. सेवाग्रामचे प्राध्यापक भन्साळी एवढ्यासाठीं ६३ दिवस उपाशी राहिले. त्या उपासाची बातमी छापण्यासहि वर्तमानपत्रांस बंदी! १२ जानेवारी १९४३ ला उपास सुटला. चौकशी झाली नाहीं ती नाहींच.

कोणी म्हणेल, "मास्तर, लढाई चालू होती, जपानी ब्रह्मदेशांत येऊन बसले होते." कबूल. पण लढाईच्या घाईंत गांवकऱ्यांचा खटला चालवावयास सवड मिळाली ना? मग बायकांची जबानी घ्यावयास कां नव्हती?

कायदाच तसा केला होता. चिमूरच्या आदल्याच दिवशीं, १५ ऑगस्ट १९४२ ला, व्हाइसरॉयनें वटहुकूम काढला: कॅप्टन किंवा वरच्या अंमलदारानें गोळीचा हुकूम द्यावा, आणि त्या हुकुमाखालीं झालेल्या कृत्याबद्दल मध्यवर्ती सरकारच्या परवानगीवांचून कोणावर खटला भरतां येऊं नये. उलट संशयावरून डांबलेल्या माणसाची गोष्ट घ्या. मुंबईच्या केशव तळपदे यांच्या अर्जावर फेडरल कोर्टानें एप्रिल १९४३ मध्यें ठरविलें कीं, डांबून ठेवण्याचा नियमच कायद्याबाहेरचा आहे. सरकारनें थोड्याच दिवसांत वटहुकूम काढून तो नियम मागील तारखेपासून कायदेशीर करून घेतला. कैद्यासाठीं उघडलेलें दार इतक्या चपळाईनें बंद झालें!

इंग्रज गेला, म्हणून ही गोष्ट संपली असें समजूं नका. त्याच वटहुकुमाच्या सांच्यावर आपल्या पार्लमेंटानें १९५८ साली ईशान्येकडील डोंगरी मुलखासाठीं कायदा केला. परवानगीची अट त्यांतहि राहिली. न्यायमूर्ति वर्मा समितीनें २०१३ साली सुचविलें कीं, शिपायाकडून बाईवर अत्याचार झाल्यास ह्या परवानगीची आडकाठी नको. तेवढें कलम बदललें नाहीं.

ज्यांचे मुलगे पलटणींत आहेत त्यांनीं एक विचार करावा. चिमूरला गेलेले सगळेच शिपाई दुष्ट होते काय? कित्येक निर्दोष असतील. पण चौकशी झाली नाहीं, त्यामुळें दोषी सुटला आणि निर्दोषीहि कायमचा संशयांत राहिला. तें संरक्षण कोणाचें झालें? शिपायाचें कीं हुकूम देणाऱ्याचें?

अनसूयाबाई काळे यांनीं फाशीच्या कैद्यांसाठीं देशभर खटपट केली, आणि १९४५ साली त्या फाशा रद्द होऊन जन्मठेपेवर आल्या. त्या माणसांचीं नांवें खटल्याच्या कागदांत आहेत. बायकांच्या तक्रारीचा खटलाच झाला नाहीं, म्हणून निकालपत्रहि नाहीं.