आधी आरोपीचं नाव बघणारे आपण



कुठे खून झाला, स्फोट झाला अशी बातमी मोबाईलवर आली की आपण आधी काय बघतो? आरोपीचं नाव. मनात पटकन दुआ उमटते, 'या अल्लाह, आपल्यातला नसू दे.' मेलेल्या माणसाचं दुःख त्यानंतर. हसू नका, इथले निम्मे हेच करतात. ही सवय आपण जन्मतः घेऊन आलो नाही. ती आपल्याला लागली कशी, यावर मला बोलायचं आहे.

२०२० चा एप्रिल आठवा. तुमच्यातले बरेच जण तेव्हा शाळेत होते, आणि घरात टीव्ही दिवसभर चालू असायचा. मार्चमध्ये दिल्लीच्या निजामुद्दीन मरकजमध्ये तबलीग जमातचे लोक जमले आणि त्यातून संसर्ग पसरला, हे खरं आहे. साथीच्या दिवसांत इतक्या माणसांनी दाटीवाटीनं राहणं चूकच होतं, आणि ते आपण स्पष्ट म्हणायला हवं. पण पुढे बघा. जमातशी संबंधित माणसं शोधून शोधून तपासली गेली. त्या वेळी देशात एकूण चाचण्या कमी होत होत्या. जिथे जास्त तपासाल तिथे जास्त रुग्ण सापडणार, साधं गणित आहे. तरी सरकारी पत्रकार परिषदेत जमातचा आकडा वेगळा सांगितला जाई, आणि संध्याकाळी वाहिन्यांवर त्याचा 'कोरोना जिहाद' होई.

त्याच सुमारास ताटं-चमचे चाटणाऱ्या काही मुस्लिम पुरुषांचा व्हिडिओ फिरला. हे मुद्दाम विषाणू पसरवताहेत, असं खाली लिहिलेलं. व्हिडिओ जुना होता, दाऊदी बोहरा समाजातला. अन्नाचा कणही वाया जाऊ नये म्हणून ते ताट स्वच्छ करत होते. बोहरा शिया, तबलीगवाले सुन्नी; दोघांचा एकमेकांशी काडीचा संबंध नाही. पण कॅमेऱ्याला फक्त टोपी दिसते. भाजीवाल्याला 'गल्लीत येऊ नको' म्हणणाऱ्यालाही तेवढीच दिसली.

२१ ऑगस्ट २०२० रोजी मुंबई उच्च न्यायालयाच्या औरंगाबाद खंडपीठानं २९ परदेशी तबलीगींवरचे गुन्हे रद्द केले. त्यांना बळीचा बकरा केलं गेलं, माध्यमांतून त्यांच्याविरुद्ध मोठा अपप्रचार झाला, असं निकालपत्रात आहे. (खंडपीठातल्या दुसऱ्या न्यायमूर्तींनी निकाल मान्य केला, काही निरीक्षणं मात्र नाही, तेही सांगायला हवं.) प्रकरण आपल्या, तेव्हाच्या अहमदनगर जिल्ह्यातलं. या निकालाविषयी किती जणांनी ऐकलंय? चार हात. आणि 'कोरोना जिहाद' हा शब्द? बघा, सगळ्यांनी.

असं चित्र रोज बघणारं पोरगं काय करतं? एक तर लपतं. खोली भाड्यानं घेताना मित्राचं नाव पुढे करतं, डब्यात काय आहे ते सांगत नाही. नाही तर चिडून त्याच चित्रात जाऊन बसतं. आपल्याकडचे काही वक्ते रील्समध्ये सांगतात ना, खरा मुसलमान असाच दिसतो, असाच बोलतो, मराठी ही 'त्यांची' भाषा! इथे वाहिनीवाला आणि हा वक्ता यांचं अगदी एकमत आहे. मग बार्शीचे शाहीर अमर शेख कुठे बसवायचे, ज्यांच्या आवाजानं संयुक्त महाराष्ट्राच्या सभा भारून जात? मराठीत 'योगसंग्राम' लिहिणारे श्रीगोंद्याचे शेख महंमद? रत्नागिरीत कोकणी बोलीत कडाकडा भांडणाऱ्या आपल्या आज्या? 'तुम्ही मराठी किती छान बोलता हो!' हे कौतुक तुम्ही सगळ्यांनी ऐकलं असेल. बोलणाऱ्याच्या मनात वाईट काही नसतं. त्यानं पडद्यावर जो मुसलमान पाहिलाय तो 'अब्बाजान, भाईजान' करणारा असतो, एवढंच.

झोप लागत नाही, अभ्यासात मन नाही, असं मुलं सांगतात. विचारलं तर रात्री दोनपर्यंत मारहाणीचे व्हिडिओ बघत असतात. त्या मारहाणी खोट्या नाहीत. पण असं जागून ज्याला मार बसला त्याला काही मिळत नाही. मिळतं ते ॲपला.

त्यापेक्षा कंटाळवाणं काम करा: तक्रार. न्यूज ब्रॉडकास्टिंग अँड डिजिटल स्टँडर्ड्स अथॉरिटी नावाची वृत्तवाहिन्यांचीच एक संस्था आहे. प्रसारणानंतर ७ दिवसांत आधी वाहिनीला लिहायचं, उत्तर पटलं नाही तर या संस्थेकडे जायचं. फेब्रुवारी २०२४ मध्ये तिनं 'लव्ह जिहाद'च्या नावानं केलेल्या कार्यक्रमांबद्दल एका हिंदी वाहिनीला १ लाख आणि दुसरीला ५० हजार रुपये दंड केला, व्हिडिओ काढायला लावले. तक्रारदार एक नागरिक होता. वाहिन्यांच्या कमाईपुढे ही रक्कम म्हणजे चहापाणी, आणि सगळ्याच वाहिन्या काही या संस्थेच्या सभासद नाहीत. तरी नोंद राहते.

कार्यक्रमाचं नाव, तारीख, वेळ, लिंक आणि नेमकं कोणतं वाक्य, एवढं लागतं. आज जेवणानंतर गटागटानं बसून एकेक तक्रार लिहून बघू. मराठी वाहिनीवरचाच कार्यक्रम घ्या, आणि लिहायचंही मराठीतच.