उन्हाळ्यात टायरमधली हवा कमी करू नका

उन्हाळ्याच्या सुट्ट्या लागल्या की आपल्या देवळीतून गाड्या निघतात. कुणी शेगावला, कुणी माहूरला, कुणी तुळजापूर करून थेट पंढरपूरला. टेम्पो ट्रॅव्हलर भाड्यानं ठरते आणि तिच्यात माणसांबरोबर गाद्या, गॅसची शेगडी, तांदळाचा कट्टा, पाण्याचे कॅन असं सगळं चढतं. महाराष्ट्र सरकारनं 2021 साली कॅरव्हॅन पर्यटनाचं धोरण आणलं, पण चार-आठ दिवसांचा संसार गाडीत भरून निघायची रीत आपल्याकडे फार जुनी आहे. अशा भरलेल्या गाडीच्या टायरमध्ये हवा किती असावी आणि ती कशी भरावी, याबद्दल आज मला बोलायचं आहे.

सुरुवात एका गैरसमजापासून करतो. हवा भरताना आपल्याकडे हमखास ऐकू येतं, "उन्हाळा हाय, दोन-चार पौंड कमीच ठेव." तापल्यावर हवा फुगेल आणि टायर फुटेल, ही त्यामागची भीती. पण खरा धोका उलट्या बाजूनं येतो. हवा कमी असली की टायरची बाजू प्रत्येक फेऱ्यात जास्त दबते आणि पुन्हा सरळ होते. लोखंडी तार हातानं सारखी वाकवली की ती वाकण्याच्या जागी गरम होते, तसंच इथं रबराचं आणि आतल्या दोऱ्यांचं होतं. त्यात वैशाखातलं 45 अंशांचं ऊन, वर गाडीचं वजन आणि वेग. आतले थर सुटू लागतात आणि शेवटी टायर फुटतो.

तापल्यावर हवेचा दाब वाढतो, हे खरंच आहे. 60 पौंडांच्या टायरमध्ये दर 10 अंशांमागे साधारण अडीच पौंड वाढतात. पण ही वाढ लक्षात घेऊनच कंपनीनं थंड टायरचा आकडा ठरवलेला असतो. म्हणून वाटेत चहाला थांबल्यावर गरम टायरमधली हवा सोडू नका. सोडली, तर टायर निवल्यावर त्यात कमी हवा उरेल.

थंड टायर म्हणजे तीनेक तास उभ्या असलेल्या गाडीचा टायर. पहाटे, ऊन चढण्याआधी हवा मोजणं सगळ्यांत चांगलं. त्यासाठी हवा मोजायचं स्वतःचं मीटर गाडीत ठेवा. टायरवर लाथ मारून किंवा टॉमीनं ठोकून पाच-दहा पौंडांचा फरक कळत नाही. पंप लांब असेल, तर एक हिशेब सांगतो. समजा, हवा 60 हवी आणि सकाळी दारातच मीटरनं 52 दाखवली. म्हणजे 8 कमी. पंपावर पोचेस्तोवर टायर गरम होऊन 55 दाखवेल. तिथं 60 वर थांबू नका. 55 मध्ये 8 मिळवा आणि 63 पर्यंत भरा.

आता हवेचा हा आकडा कुठून आणायचा? बहुतेक गाड्यांत ड्रायव्हरच्या दाराजवळच्या पट्टीवर तो लिहिलेला असतो, रिकाम्या आणि भरलेल्या गाडीसाठी बरेचदा वेगवेगळा. पुढच्या आणि मागच्या चाकांचाही वेगळा असू शकतो. टायरच्या बाजूवर छापलेला आकडा ही त्या टायरची कमाल मर्यादा असते, डोळे मिटून तोच भरू नका.

वजनाचाही अंदाज बांधू नका. कापसाच्या गाड्या ज्या धर्मकाट्यावर मोजतात, तिथंच आपली गाडी सामान आणि माणसांसकट एकदा मोजून घ्या. आधी पुढची चाकं काट्यावर घ्या, मग पूर्ण गाडी. वजाबाकी केली की मागच्या चाकांवरचा भार कळतो. गाडीच्या मर्यादेपेक्षा वजन जास्त भरलं, तर सामान उतरवा. जादा हवा भरून ती मर्यादा वाढत नाही.

मागे जोडचाकं असतील, तर आतल्या चाकाकडे मुद्दाम लक्ष द्या. त्याच्या व्हॉल्वपर्यंत हात नीट पोचत नाही, म्हणून तेच राहून जातं. आतल्याची हवा गेली की त्याचा भार बाहेरच्यावर पडतो आणि ड्रायव्हरला पत्ताही लागत नाही. ठरलेल्या हवेपेक्षा 20 टक्के किंवा त्याहून जास्त कमी असलेल्या हवेवर टायर धावला असेल, तर नुसती हवा भरून पुढे निघू नका. तो खोलून आतून तपासून घ्या. अशा टायरमध्ये हवा भरताना त्याच्या बाजूसमोर कुणी उभं राहू नये, मुलांनी तर नाहीच.

बरेच दिवस उभ्या असलेल्या गाडीची हवा हळूहळू उतरते, स्टेपनीचीही उतरते. निघण्याआधी दोन्ही पाहा. टायरवर चार आकडी तारीख असते. 1422 म्हणजे 2022 सालचा चौदावा आठवडा. नक्षी शाबूत असली, तरी जुन्या टायरच्या बाजूला भेगा दिसल्या, तर तो बदला. व्हॉल्वला टोपण लावा, आपल्याकडची धूळ आत जाऊन व्हॉल्व गळतो. नायट्रोजन भरला तर चांगलंच, पण साध्या हवेतही 78 टक्के नायट्रोजनच असतो. नायट्रोजन भरला म्हणून मोजणं सोडू नका.

येळाकेळीहून समृद्धी महामार्गावर चढलात, की सरळ, सिमेंटचा रस्ता पुढे असतो. तिथं वेग सहज वाढतो आणि बराच वेळ कमी होत नाही. गावातल्या रस्त्यावर खपून गेलेली कमी हवा अशा रस्त्यावर जिवावर बेतते. म्हणून वेग आवरा, दर दोन तासांनी थांबा आणि प्रत्येक टायरवरून नजर फिरवा. एखादा इतरांपेक्षा फारच तापलेला वाटला, तर तो निवू द्या आणि जवळच्या पंक्चरवाल्याला दाखवा.

गाडी भाड्याची असली, तरी निघायच्या दिवशी सकाळी ड्रायव्हरदादांना सांगा, "आमच्यासमोर हवा मोजा." तुमची माणसं त्या गाडीत बसणार आहेत, तेव्हा असं सांगायचा तुम्हाला पूर्ण हक्क आहे. सहा टायर आणि स्टेपनी मोजायला दहा-पंधरा मिनिटं लागतात. तेवढी द्या आणि मगच गाडी हलू द्या.