मुलांना घेऊन उष्ण देशी जाताना
(वर्धापनदिनी केलेले भाषण)



पूर्वी मामाच्या गावाला निघताना वळकटी बांधली, फिरकीचा तांब्या भरून घेतला की तयारी झाली. आता मामाच दुबईला नोकरीला असतो आणि भाचरे सुट्टीत तिकडे जातात. तेव्हा हा विषय परक्या देशाचा असला तरी आपल्या घरातलाच आहे. मी सांगणार आहे ते चुकीतून शिकलेले आहे.

दोन वर्षांपूर्वी मे महिन्यात आम्ही मुलाकडे गेलो. बरोबर लेक आणि तिचा चार वर्षांचा मुलगा. सकाळी बुर्ज खलिफा पाहिला, मग खाडीतून नावेने पलीकडे गेलो. "एवढा बाजार पाहू नि परतू," असे म्हणता म्हणता दुपारचे दोन वाजले. पोर आधी किरकिरले, मग एकाएकी गप्प झाले. "शहाणा गं माझा!" असे मीच म्हटले. लेकीच्या ध्यानात आले, की सकाळपासून त्याला लघवीच झालेली नाही. दवाखान्यात सलाईन लावावे लागले. उन्हात मूल मलूल होऊन गप्प बसणे ही धोक्याची खूण असते, हे मला त्या दिवशी कळले.

लहान मुलाचे अंग आपल्यापेक्षा लवकर तापते. त्या देशात १५ जून ते १५ सप्टेंबर दुपारी साडेबारा ते तीन मजुरांकडून उघड्या उन्हात काम करून घेण्यास बंदी आहे. जिथे धट्ट्याकट्ट्या गड्यालाही सावलीत बसवतात, तिथे आपण पोराला बाजार दाखवीत हिंडावे काय?

म्हणून आधी महिना ठरवावा, मग तिकीट काढावे. नोव्हेंबर ते मार्च तिथली हवा सुखाची असते. तिथले घड्याळ आपल्या दीड तास मागे; इथे साडेसहाला उठणारे मूल तिथे पाचलाच जागे होते. त्याच्यावर रागावू नये, फिरायची वेळ तीच! दुपार घरात झोपेची. दिवसाला ठिकाण एकच. बंद मोटारीत मुलाला क्षणभरही ठेवू नये.

पिशवीत जलसंजीवनीच्या पुड्या असाव्यात. नसल्यास एक लिटर उकळून गार केलेल्या पाण्यात चहाचे सहा सपाट चमचे साखर आणि अर्धा चमचा मीठ घालावे. सहा महिन्यांच्या आतल्या बाळाला मात्र वरचे पाणी नको, अंगावरचेच दूध वरचेवर पाजावे.

आणखी दोन गोष्टी. तान्ह्या बाळालाही स्वतंत्र पासपोर्ट लागतो. त्याची निदान सहा महिने मुदत शिल्लक हवी. आणि लेकासाठी अनारसे नेणार असाल तर थांबा! खसखशीला तिथे सक्त बंदी आहे. मसालाही बिनखसखशीचाच न्यावा.

गेल्या डिसेंबरात आम्ही पुन्हा गेलो. रोज पहाटे खाडीवर जाऊन बसत होतो. उंच बुर्जाचे नातवाला आज काही आठवत नाही. पण आजीच्या मांडीवर बसून मोजलेले पांढरे पक्षी तो अजून सर्वांना सांगतो. मुलांची सहल ती हीच.