शिमल्यात जन्मलेला वैमानिक

मंडळी, आपल्याकडे २४ वर्षांच्या पोराला रात्री उशीर झाला, की आपण फोनवर फोन करतो. त्याच वयात गाय गिब्सन १९ लँकेस्टर बॉम्बर घेऊन जर्मनीवर गेला. जन्म आपल्या शिमल्याचा, १९१८चा. मे १९४३च्या त्या रात्री म्योने आणि एडर ही धरणं फुटली. स्वतःचा बॉम्ब टाकून झाल्यावरही हा पठ्ठ्या तोफांचा मारा आपल्याकडे ओढायला पुन्हा धरणावर गेला! १३३ जणांपैकी ५३ मारले गेले. पण खाली पुरात हजारावर माणसं वाहून गेली, त्यांत सक्तीनं राबवलेल्या परदेशी बायका पुष्कळ. हे न सांगता मला पुढं जाववत नाही. गिब्सनला व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला. आता उडणं पुरे, असं वरिष्ठांचं मत. त्याला राहवेना. १९ सप्टेंबर १९४४च्या रात्री हॉलंडमध्ये स्टीनबर्गनला त्याचं विमान कोसळलं. वय २६. सोबतच्या नॅव्हिगेटरसह त्याला तिथंच पुरलंय.